जुनं साय-फाय वाचायला सुरुवात कशी करायची: लेखकाला एकच सूट द्या

साय-फाय सिनेमे सगळे बघतो, पण व्हर्न, वेल्स, असिमॉव्ह ही जुनी मंडळी वाचायला घेतली की पन्नासेक पानांत गाडी अडते, असं सांगणारे खूप जण भेटतात. माझंही अगदी तसंच झालेलं. पहिल्याच फटक्यात मी ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ उचललं, माशांच्या नावांच्या पानपानभर याद्या आल्या, पुस्तक ठेवून दिलं आणि मग दोन वर्षं त्याला हात लावला नाही. पुस्तकात काही खोट नव्हती, मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली होती. नंतर हळूहळू एक पद्धत बसली आणि आता ही पुस्तकं मी परत परत वाचतो, त्यामुळे ज्यांना नव्याने सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी ती पद्धत नीट लिहून काढतोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. चांगल्या क्लासिक विज्ञानकथेत लेखक तुमच्याकडे एकच सूट मागतो. एकच अशक्य गोष्ट मान्य करा म्हणतो, आणि मग त्या गोष्टीचे जे जे परिणाम होतील त्यांचा हिशोब तो प्रामाणिकपणे मांडत जातो. वाचणाऱ्याचं काम एवढंच की ती सूट कुठली ते ओळखायचं, ती मोकळ्या मनाने द्यायची, आणि मग हिशोब चोख आहे का ते बघत पुढे जायचं. ही एक सवय लागली की शंभर-सव्वाशे वर्षं जुनी पुस्तकं सुद्धा धरून ठेवतात.

1. जाड कादंबरी नको, आधी एक कथा

पहिल्या आठवड्यात कादंबरी घेऊच नका. ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ घ्या, 1909 ची दीर्घकथा आहे, एका बैठकीत होते. माणसं जमिनीखाली मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी खोल्यांत एकेकटी राहतात, अन्न, उजेड, संगीत, भाषणं सगळं बटण दाबलं की हजर, आणि एका आईच्या हातातल्या गोल तबकडीवर तिच्या मुलाचा चेहरा उमटतो. तो म्हणतो मला तुला मशीनमधून नाही, प्रत्यक्ष भेटायचंय. आईला ते कळतच नाही, दिसतोयस की, बोलतोयस की, मग अजून काय हवं? इथे सूट एकच आहे, सगळं पुरवणारं एक यंत्र. बाकी आई-मुलाचं बोलणं इतकं ओळखीचं आहे की 1909 चं साल परत तपासावंसं वाटतं.

त्यानंतर आयझॅक असिमॉव्हची ‘नाइटफॉल’, 1941 ची. लिहिली तेव्हा असिमॉव्ह एकवीस वर्षांचा होता. एका ग्रहाला सहा सूर्य आहेत त्यामुळे तिथे रात्र होतच नाही, फक्त 2049 वर्षांतून एकदा होते, आणि कथा सुरू होते तेव्हा ती वेळ काही तासांवर आलेली असते. ज्या माणसांनी कधी अंधार बघितला नाही, कधी एकही तारा बघितला नाही, त्यांचं काय होईल? वाचताना मनात हा प्रश्न धरून ठेवा, शेवटचं पान आधी उघडू नका.

तिसरी हवी असेल तर रे ब्रॅडबरीची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’, 1950 ची. अगदी छोटी. त्यात माणूस नाहीच, फक्त एक स्वयंचलित घर आहे जे रोजच्यासारखं वेळ सांगतं, नाश्ता तयार करतं, साफसफाई करतं. माणसं कुठे गेली ते बाहेरच्या जळालेल्या भिंतीवर कळतं. ही कथा रात्री झोपायच्या आधी वाचू नका, मनात राहते.

2. आवृत्ती आणि भाषांतर तपासा, हे खरंच गंभीरपणे घ्या

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात आणि मग व्हर्न कंटाळवाणा आहे असं म्हणून मोकळे होतात. ज्यूल व्हर्न फ्रेंचमध्ये लिहायचा. त्याची जुनी इंग्रजी भाषांतरं आता कॉपीराइटमुक्त आहेत, म्हणून नेटवर फुकट मिळणारी आणि स्वस्तात छापलेली बरीच पुस्तकं तीच असतात, आणि त्यातली काही फार वाईट आहेत. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’चं 1870 च्या दशकातलं इंग्रजी भाषांतर घ्या, त्यात मूळ मजकुराचा पाचव्या हिश्शाहून जास्त भाग कापलेला आहे आणि जे ठेवलंय त्यातही चुका आहेत.

विकत घ्यायच्या किंवा डाउनलोड करायच्या आधी एक सोपी टेस्ट करा. दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात उघडा. नायक नेब्रास्कामधल्या बॅडलँड्समधून, म्हणजे त्या नावाच्या ओसाड, उंचसखल भूभागातून, नुकताच परत आलाय असं तिथे असायला हवं. त्याऐवजी ‘डिसअग्रीएबल टेरिटरी ऑफ नेब्रास्का’ असे शब्द दिसले तर ते तेच जुनं कापलेलं भाषांतर, सोडून द्या. ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ची टेस्ट त्याहून सोपी. प्रोफेसरचं नाव लिडेनब्रॉक असलं पाहिजे आणि पुतण्याचं अ‍ॅक्सेल. हार्डविग आणि हॅरी अशी नावं दिसली तर भाषांतरकाराने माणसांची नावंच बदलून टाकलीत, मग बाकीचं काय केलं असेल.

स्टानिस्वाव लेमच्या ‘सोलारिस’बाबतही हेच. पुस्तक 1961 चं, मूळ पोलिश, पण 1970 चं इंग्रजी भाषांतर पोलिशवरून नाही तर फ्रेंच भाषांतरावरून केलेलं आहे. थेट पोलिशवरून केलेलं इंग्रजी 2011 मध्ये आलं, मिळालं तर तेच घ्या.

इंग्रजी जड जात असेल तर मराठीतून सुरुवात करायला अजिबात हरकत नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्यात, आणि त्या वाचून ज्यांना हे वेड लागलं असे कितीतरी जण आहेत. वेल्सच्या बाबतीत हा भाषांतराचा घोळच नाही कारण तो मुळातच इंग्रजीत लिहायचा, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या साइटवर त्याच्या जुन्या कादंबऱ्या आहेत, आणि ऐकायची सवय असेल तर लिब्रिवॉक्सवर वाचून दाखवलेल्याही आहेत.

3. पहिल्या वीस-तीस पानांना घाई करू नका

जुने लेखक सावकाश सुरू करतात कारण त्यांना तुमच्याकडून ती सूट मिळवायची असते. एच. जी. वेल्सचं ‘द टाइम मशीन’, 1895 चं, याचा उत्तम नमुना आहे. सुरुवातीला नुसती जेवणानंतरची गप्पांची बैठक, काळ ही चौथी मिती आहे वगैरे वाद चाललाय, पाहुणे शंका काढतायत. मग यजमान काळातून फिरणाऱ्या यंत्राचं लहानसं मॉडेल आणून शेकोटीपुढच्या छोट्या टेबलावर ठेवतो. खोलीत शेड लावलेला दिवा आणि डझनभर मेणबत्त्या, सगळं लख्ख दिसतंय. तो स्वतः खटका दाबत नाही, पाहुण्यांपैकी जो मानसशास्त्रज्ञ आहे त्याचा हात धरून त्याच्याच बोटाने दाबायला लावतो. वाऱ्याची झुळूक येते, दिव्याची ज्योत उडते, एक मेणबत्ती विझते आणि टेबल रिकामं.

ती विझलेली मेणबत्ती बघा. इतकी छोटी, घरातली गोष्ट, पण तिच्यामुळे ते यंत्र खरंच तिथून गेलं असं वाटतं. घाईने पानं उलटलीत तर हीच ओळ निसटते आणि पुढचं सगळं नुसत्या गप्पा वाटायला लागतं.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये सुरुवातीला उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या एका माणसाची पत्रं आहेत, बरेच लोक ती गाळतात. गाळू नका. तो माणूस आणि फ्रँकेन्स्टाइन एकाच वेडाने झपाटलेले आहेत आणि पुस्तक शेवटी परत त्याच जहाजावर येतं. एक लक्षात ठेवा, फ्रँकेन्स्टाइन हे शास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याने घडवलेल्या प्राण्याला पुस्तकभर नावच नाही, आणि सिनेमातल्यासारखा तो नुसता गुरगुरत नाही, भिंतीतल्या फटीतून एका कुटुंबाला बघत बघत तो भाषा शिकतो आणि फार सुंदर बोलतो. आवृत्ती 1818 ची की 1831 ची हे आत बघा, 1831 मध्ये शेलीने स्वतः मजकूर बदललाय, पहिल्या वाचनाला मी 1818 ची सुचवेन, ती जास्त धारदार आहे.

4. सूट ओळखा आणि हिशोब बघा

एक छोटी वही ठेवा किंवा फोनमध्ये नोट्स उघडा. प्रत्येक पुस्तकासाठी एकच ओळ लिहायची: लेखकाने काय मागितलं?

वेल्सचं ‘द फर्स्ट मेन इन द मून’, 1901 चं. सूट अशी की गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ आहे, कॅव्होराइट. झालं, एवढंच मागितलं. आता बघा तो काय करतो. कॅव्होराइटचा पहिला पातळ पत्रा तयार होतो आणि त्याच्या वरच्या हवेला वजनच उरत नाही. आजूबाजूच्या हवेला मात्र वजन आहे, ती आत घुसते, आणि बिनवजनाच्या हवेला वर ढकलते, मग जी आत आली तिचंही वजन गेलं, तीही वर, असं करत हवेचं प्रचंड कारंजं उडतं, वादळ होतं, घराची वाताहत होते. तो पत्राही त्यात उडून गेला म्हणून निभावलं, नाहीतर पृथ्वीची सगळी हवाच निघून गेली असती. म्हणजे अशक्य गोष्ट एकच, पण तिच्या मागून आलेला प्रत्येक परिणाम विचार करून काढलेला. पुढे यानाला काचेचा गोळा आणि त्यावर गुंडाळता येणारे कॅव्होराइटचे पडदे, चंद्राकडचा पडदा उघडला की चंद्र ओढणार, बंद केला की ओढ संपली. खिडकीचे पडदे वरखाली करत चंद्रावर जायचं! मला अख्ख्या साय-फायमध्ये इतकी साधी आणि सुंदर कल्पना क्वचितच दिसलीय.

‘द इनव्हिजिबल मॅन’, 1897. सूट: शरीर पारदर्शक करता येतं. हिशोब: कपडे पारदर्शक होत नाहीत म्हणून ऐन हिवाळ्यात उघडं फिरावं लागतं, खाल्लेलं अन्न पचेपर्यंत दिसत राहतं, बर्फ अंगावर पडलं तर आकार उमटतो, कुत्र्यांना वास येतो, आणि चिखलात अनवाणी पावलं उमटत जातात ती बघून पोरं मागे लागतात. अदृश्य झालेला माणूस ताकदवान होईल असं आपल्याला वाटतं, वेल्स दाखवतो की तो भुकेला, गारठलेला आणि एकटा होईल.

असिमॉव्हच्या ‘आय, रोबॉट’मधली ‘रनअराउंड’ ही कथा, मार्च 1942 मध्ये छापली गेली. रोबॉटचे तीन नियम पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत इथेच आले: माणसाला इजा करायची नाही किंवा होऊ द्यायची नाही, माणसाची आज्ञा पाळायची, स्वतःला जपायचं, आणि वरचा नियम खालच्याच्या आधी. बुध ग्रहावर एका महागड्या रोबॉटला सेलेनियम आणायला पाठवतात. आज्ञा जरा सैलसर दिलेली असते, आणि महागडा म्हणून त्याचा स्वसंरक्षणाचा नियम जास्त कडक केलेला असतो. तिथे धोका आहे. जवळ गेला की तिसरा नियम मागे ढकलतो, लांब आला की दुसरा नियम पुढे ढकलतो, मग तो दोन्ही जिथे समसमान होतात त्या अंतरावर गोल गोल फिरत बसतो. सोडवणूक कशी होते ते सांगत नाही, पण पुढे वाचायच्या आधी पुस्तक मिटून दहा मिनिटं स्वतः विचार करा, उत्तर त्या तीन नियमांतच आहे आणि तुम्हाला सापडू शकतं.

5. कधीकधी कागद-पेन घेऊन आकडेमोड करा

‘फ्रॉम द अर्थ टू द मून’, 1865. व्हर्न तीन माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवतो. तोफ 900 फूट लांब, म्हणजे साधारण 274 मीटर, आणि गोळ्याचा वेग सेकंदाला जवळपास 11 किलोमीटर. हा वेग बरोबर आहे, पृथ्वीच्या ओढीतून सुटायला साधारण तेवढाच लागतो, आणि हे त्याने 1865 साली मांडलं. पण आता पुढचा हिशोब आपण करू. शून्यापासून 11 किलोमीटरपर्यंत, म्हणजे तोफेच्या आत सरासरी वेग साडेपाच किलोमीटर, 274 मीटर पार करायला लागला सेकंदाचा फक्त विसावा भाग. तेवढ्या वेळात तो वेग गाठायचा तर आतल्या माणसावरचा जोर पृथ्वीच्या ओढीच्या बावीस हजार पट होतो, सत्तर किलोचा माणूस दीड हजार टनांचा. व्हर्नला धक्क्याची कल्पना होती, त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवलाय, पण त्याने काहीच भागत नाही, ती माणसं त्याच क्षणी गेली असती. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा पुस्तकाबद्दलचं माझं प्रेम वाढलं, कारण गणित करता येण्याइतके आकडे लेखकाने दिलेत! किती कथा इतक्या उघडपणे स्वतःला तपासू देतात?

ही कादंबरी आणि वेल्सची चंद्राची कादंबरी लागोपाठ वाचा असं मी आवर्जून सांगेन. व्हर्नला वेल्सची पद्धत पटली नव्हती आणि त्याने ते 1903 मध्ये बोलूनही दाखवलं: मी तोफ आणि बारूद वापरतो, जे जगात आहे, हा मात्र नवा धातूच काढतो, दाखवा म्हणावं तो धातू. तक्रार खरी आहे. पण चंद्रावर उतरल्यावर कुणाची माणसं जास्त खरी वाटतात ते दोन्ही वाचून तुम्ही ठरवा (व्हर्नची माणसं उतरतच नाहीत, 1870 च्या दुसऱ्या भागात ती चंद्राला वळसा घालून परत समुद्रात पडतात).

6. भाकितं खरी ठरली का हे मोजत बसू नका

याने वाचनाची फार हानी होते. व्हर्नने फ्लोरिडातून उडवलं आणि अपोलोही फ्लोरिडातूनच उडालं, बघा किती अचूक, असं सगळीकडे सांगतात. पण व्हर्नला चंद्र बरोबर डोक्यावर हवा होता, त्यासाठी 28 अक्षांशाच्या आतली जागा लागते, आणि अमेरिकेत तशी जागा म्हणजे फ्लोरिडा किंवा टेक्सासचं टोक. विषुववृत्ताकडे सरकण्याचा फायदा 1960 च्या दशकातल्या इंजिनिअरनाही हवा होता, म्हणून त्यांचा नकाशाही तिकडेच वळला. याला भाकीत म्हणण्यापेक्षा भूगोल म्हणा, आणि मग ते जास्त मजेशीर होतं.

उलटंही होतं, कथेतून विज्ञानाकडे. वेल्सने 1914 च्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’मध्ये अणुबाँब हा शब्द वापरला, त्याचा आधार रेडियमवर काम करणाऱ्या फ्रेडरिक सॉडीचं पुस्तक होतं, कादंबरी त्या पुस्तकालाच अर्पण केलीय. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डने ती 1932 मध्ये वाचली, 1933 मध्ये त्याला साखळी प्रक्रियेची (एक अणू फुटला की तो पुढचे अणू फोडत जातो) कल्पना सुचली, 1934 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. वेल्सचा बाँब प्रत्यक्षातल्या बाँबसारखा नाहीये, तो फुटून संपत नाही, दिवसेंदिवस धगधगत राहतो. तपशील चुकला, काळजी मात्र खरी होती.

7. त्या काळाला काय माहीत होतं ते पाच मिनिटं बघा

पाचच मिनिटं, जास्त नाही. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ 1898 चं आहे. 1877 मध्ये स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने मंगळावर रेषा बघितल्या आणि त्यांना इटालियनमध्ये ‘कनाली’ म्हणजे चर, खाचा म्हटलं, इंग्रजीत त्याचे कालवे झाले, आणि कालवे म्हटलं की खोदणारे आलेच. मंगळ कोरडा पडत चाललाय आणि तिथे कुणीतरी हुशार राहतंय हा तेव्हा गंभीर चर्चेचा विषय होता. मरिनर 4 यान जुलै 1965 मध्ये जवळून गेलं आणि फोटोत खड्डे दिसले. म्हणून 1898 मध्ये मंगळवासी मागणं ही फार मोठी सूट नव्हती. पहिलं प्रकरण नीट वाचा, मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी युरोपियनांनी टास्मानियाच्या लोकांचं काय केलं ते आठवा असं वेल्स स्पष्ट लिहितो. आक्रमण कसं वाटतं हे आक्रमण करणाऱ्यांच्याच राजधानीत घडवून दाखवायचं, हा या पुस्तकाचा जीव आहे.

8. जे खटकेल ते खटकू द्या

जुन्या साय-फायमध्ये बायका जवळपास नसतात, असल्या तर घाबरायला नाहीतर वाचवून घ्यायला. हे मला खटकतं आणि काळ तसा होता म्हणून सोडून द्यावं असं वाटत नाही. सोबत रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ वाचा, 1905 ची, अगदी लहान. सूट एकच: पडद्यात बायका नाहीत, पुरुष आहेत. मग बायकांची विद्यापीठं वातावरणातून पाणी काढून घेतात, सूर्याची उष्णता साठवतात, आणि युद्धसुद्धा तीच उष्णता वापरून जिंकतात. उर्सुला ले गुइनचं ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’, 1969 चं, जरा नंतर घ्या, त्यातल्या माणसांना कायमचं लिंगच नाही आणि तो हिशोब ती थेट राजकारणापर्यंत नेते. पहिली शंभर पानं अवघड आहेत, बर्फावरचा प्रवास सुरू झाला की पुस्तक सुटत नाही.

9. क्रम

तीन कथा, मग ‘टाइम मशीन’, मग ‘आय, रोबॉट’, मग ‘इनव्हिजिबल मॅन’, मग चंद्राची जोडी, मग ‘फ्रँकेन्स्टाइन’. ‘सोलारिस’ आणि ले गुइन त्यानंतर. मध्ये जयंत नारळीकरांच्या कथा घ्या, 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, तिथून सुरुवात करा.

‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’ आठव्या-नवव्या नंबरला ठेवा आणि माशांच्या याद्या खुशाल गाळा, माझी पूर्ण परवानगी. नावातला आकडा खोलीचा नाही, कापलेल्या अंतराचा आहे, फ्रेंच लीग चार किलोमीटरचा म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर, पृथ्वीला दोन फेऱ्या. त्यातल्या पाणबुडीचा कॅप्टन नेमो मुळात कोण आहे ते त्यात कळत नाही. ते कळतं ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये, म्हणून ते लगेच नंतर वाचा आणि मधल्या काळात नेटवर काही शोधू नका. ते पान आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

10. पुस्तक संपल्यावर एक शंका काढा

लगेच दुसरं उघडू नका. तुमची ती एका ओळीची सूट परत वाचा आणि लेखकाने न काढलेला एखादा परिणाम शोधा. मी ‘इनव्हिजिबल मॅन’ संपवलं तेव्हा मला वाटलं की मला मोठी चूक सापडली: डोळा पूर्ण पारदर्शक झाला तर प्रकाश आरपार जाणार, पडद्यावर प्रतिमा उमटणारच नाही, म्हणजे अदृश्य माणूस आंधळा असायला हवा! दोन दिवस मी हे सगळ्यांना सांगत होतो. मग तपासायला म्हणून मांजराचा प्रसंग परत काढला. माणसावर करायच्या आधी तो मांजरावर प्रयोग करतो, मांजर हळूहळू नाहीसं होतं, पण नखं राहतात, आणि डोळ्यांच्या मागचा चमकणारा थर काही केल्या जात नाही. अंधारात मांजर नाही, फक्त डोळ्यांचे दोन ठिपके.